मागच्या खिडकीचा पाहुणा

हल्ली मी कोणाला घरी जेवायला बोलवत नाही. शिकागोजवळच्या या शॉमबर्गमधली आपली मंडळी म्हणतात, बायको, कांता, गेल्यापासून धर्मराज माणूसघाणा झाला. म्हणू देत. तुम्ही एवढ्या लांबून आलात, आणि मघाशी माझ्या मुलीचं, मैत्रीचंही विचारलंत, ती हल्ली दिसत नाही म्हणून. दोन्हींचं उत्तर एकच आहे. बसा, तो दिवा जरा जवळ घ्या. चहा घ्या. चहाला बोलावलं तर काही होत नाही.

मी जुन्या इमारतींचं वायरिंग तपासतो. शंभर-सव्वाशे वर्षांची एखादी इमारत कोणी विकत घेतली, की इन्शुरन्सवाले आधी आमच्या फर्मचा माणूस पाठवतात. भिंतीतल्या तारा कुठल्या काळातल्या, टिकतील की पेटतील, एवढं बघायचं आणि रिपोर्ट द्यायचा. मागच्या जानेवारीत असंच एक काम आलं. इलिनॉयच्या पश्चिम टोकाला, मिसिसिपीच्या अलीकडे, हॅलोवे जंक्शन नावाचं गाव आहे. तिथलं जुनं रेल्वे हॉटेल, आणि खाली त्याचं सलून, म्हणजे जुन्या काळचं दारू पिण्याचं दालन.

ऑफिसातला अतुल म्हणाला, "सर, ते हाँटेड आहे म्हणे. व्हिडिओ आहेत लोकांचे."

"तारा हाँटेड नसल्या म्हणजे झालं," मी म्हटलं.

आमच्या नागपूरच्या घरात देव नव्हता, त्यामुळे भूतही नव्हतं. उतारे, अंगात येणं, बुवा-बाबा, सगळं माझ्या आईने उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं. रात्री विहिरीवर जायची वेळ आली तर ती म्हणायची, विंचू-काट्याला भी, बाकी कशाला भ्यायचं नाही. पन्नाशी उलटेपर्यंत मला तेवढं पुरलं.

तेव्हा कांताला जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षभर मी स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभं राहून जेवत होतो, कारण बसलं की टेबलाची दुसरी बाजू दिसायची. मैत्री शिकागोत, एका वकिलाच्या ऑफिसात. सुरुवातीला ती दर रविवारी यायची. आम्ही बापलेक समोरासमोर बसायचो, मध्ये कांताची खुर्ची, आणि दोघांच्याही घशाखाली घास उतरायचा नाही. मग ती येईनाशी झाली. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. रोज संध्याकाळी तिचा फोन मात्र यायचा, "बाबा, जेवलात? नीट बसून जेवलात?" मी हो म्हणायचो. तीही हो म्हणायची, आणि दोघंही खोटं बोलतोय हे दोघांना कळायचं. मला त्या वर्षात एकच गोष्ट हवी होती. माझ्या मुलीने माझ्यासमोर बसून पोटभर जेवावं. दुसरं मागणंच उरलं नव्हतं.

हॅलोवे जंक्शनला निघालो तेव्हा ऊन होतं. उपनगरं मागे पडली तशी शेतं सुरू झाली. मक्याचे कापलेले बुडखे बर्फातून वर आलेले, आणि मैलोन्‌मैल माणूस नाही. पोचेपर्यंत आभाळ खाली आलं होतं. गाव म्हणजे एक रस्ता, बंद पडलेलं स्टेशन, आणि रुळांना लागून लाल विटांची तीन मजली इमारत. मालगाड्या अजून जातात तिथून, पण थांबत कोणी नाही.

मालकीणबाई दारातच भेटल्या. लोरेन नाव, साठीच्या, बोलक्या. त्यांनी आधी वरची ती प्रसिद्ध खोली दाखवली. निळ्या झग्यातली कोणी बाई तिथे रुळांकडे बघत नवऱ्याची वाट पाहते म्हणे. खिडकीशी निळा पडदा, भिंतीवर कोणाची तरी तसबीर, दाराशी टूरची पाटी.

"तुम्ही पाहिलंय तिला?" मी विचारलं.

लोरेन हसल्या. "तुम्हाला म्हणून सांगते, ती आधीच्या मालकाने बनवली. पण लोक तिच्यासाठी येतात, आणि माझं छप्पर गळतंय."

मला बाई आवडल्या. खोटं बोलून वर ते कबूल करणारी माणसं कमी भेटतात.

खाली सलून अजून तसंच होतं. भिंतीच्या लांबीएवढा काळ्या लाकडाचा काउंटर, कोरलेलं पत्र्याचं छत, गोल टेबलं आणि जड खुर्च्या. त्यामागे स्वयंपाकघर. त्याच्या मागच्या भिंतीत एक लहान खिडकी होती, लाकडी झडपेची. बाहेरच्या अंगाला एक फळी ठोकलेली. फळी मधोमध इतकी झिजली होती की तिला खोलगटपणा आला होता. पलीकडे उघडा ओटा, आणि मग रूळच.

"ही कशासाठी?"

लोरेन थोड्या घुटमळल्या. "रूळ टाकणाऱ्या गँगच्या माणसांसाठी. कुठकुठून आलेली असायची ती. इंजिन ड्रायव्हर, कंडक्टर, व्यापारी, ते सगळे सलूनमध्ये बसायचे. गँगवाल्यांना आत घेत नसत. खिडकीतून ताट सरकवायचं, त्यांनी बाहेर उभं राहून खायचं. अशा थंडीतसुद्धा." मग हळूच म्हणाल्या, "याची टूर काढत नाही मी. लोकांना आवडत नाही."

मी त्या फळीवर हात ठेवला. खोलगट भाग गुळगुळीत लागला. अशी फळी मला परकी नव्हती. माझे आजोबा एकदा परगावच्या लग्नात पंगतीला बसले. पान वाढलं, भात आला, वरण आलं, आणि मग कोणीतरी त्यांना ओळखलं. भरल्या पानावरून उठवलं त्यांना. आजोबांनी ती गोष्ट कधी सांगितली नाही, आजीने माझ्या आईला सांगितली. त्यानंतर आमच्या घरात दोनच नियम होते. आपण जेवत असताना दारात कोणी दिसलं, तर तो कोणीही असो, या जेवायला म्हणायचं. आणि एकदा बसलेल्याला कधी उठवायचं नाही.

आता 'या जेवायला' तर आपल्याकडे सगळेच म्हणतात. समोरच्याने होऊ द्या सावकाश म्हणायचं, की विषय संपला. त्या बोलावण्यावर खरोखर येऊन ताटावर बसणारा माणूस मी महाराष्ट्रात पाहिला नाही. आई मात्र नुसतं म्हणायची नाही, म्हणता म्हणता ताट पुढे सरकवायची.

लोरेनना शेजारच्या गावातून बहिणीला आणायचं होतं. "वादळ यायच्या आत परत येते," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्याआधी निघालात, तर दार ओढून घ्या." त्यांच्या गाडीचा आवाज विरला आणि त्या इमारतीत मी एकटा उरलो.

तळघर, मीटर, मग वरचे मजले. एक तार शोधायला मी ती मागची झडपही उघडली, आणि उघडीच राहिली. दुपार टळून गेली. बाहेर भुरभुर बर्फ सुरू झाला आणि सगळे आवाज बसले. मी काम थांबवलं की पाइपातल्या पाण्याचा आवाजही थांबायचा, असं वाटायला लागलं. शेवटी भूक लागली. उभं राहून खायला कुठे जागा नव्हती, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर माझी हत्यारं पसरली होती. म्हणून सलूनमध्ये, स्वयंपाकघराच्या दारासमोरच्या टेबलाशी बसलो आणि डबा उघडला. पोळ्या, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी.

पहिला घास तोडला आणि समोर नजर गेली. स्वयंपाकघराच्या दारातून ती खिडकी दिसत होती, पांढरा चौकोन. त्या चौकोनाच्या कडेला एक खांदा होता. जाड ओला कोट, कानांवर ओढलेली टोपी, चेहरा अर्धा भिंतीआड. तो माझ्याकडे बघत नव्हता. डब्याकडे बघत होता.

मला वाटलं, लोरेनचा बर्फ काढणारा माणूस. आणि तोंडातून आपसूक निघालं, "या जेवायला."

तो हलला नाही. मराठी त्याला काय कळणार. मग मी इंग्रजीत म्हटलं, "आत या ना. पुरेल दोघांना." डब्याच्या झाकणावर दोन पोळ्या, भाजी ठेवली, झाकण टेबलापलीकडे सरकवलं आणि मागचं दार उघडायला गेलो.

बाहेरच्या ओट्यावर कोणी नव्हतं. बर्फ घोट्यापर्यंत साचला होता, त्यावर एकही ठसा नव्हता, येण्याचा ना जाण्याचा. मी हाक मारली. आवाज रुळांपर्यंतही गेला नसेल. दार लावलं, परत आलो, आणि थांबलो.

समोरची खुर्ची मी टेबलाखाली सरकवलेली ठेवली होती. आता ती मागे ओढलेली होती, माणूस बसल्यावर असते तशी.

हवेत डांबराचा वास होता. डांबर आणि ओली लोकर. मी उभाच राहिलो. पळायचं मनात आलं, कशाला खोटं सांगू. पण आधी तो आवाज आला... चावण्याचा. बोटं बधिर झालेला माणूस खातो तसा, हळू, प्रत्येक घास जपून. मधूनच नाकाने घेतलेला श्वास. झाकणावरच्या पोळ्या जागच्या जागी होत्या. भाजीला हात लागला नव्हता. आणि तरी समोर कोणीतरी जेवत होतं, फार दिवसांचं उपाशी असल्यासारखं.

"सावकाश," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "सावकाश होऊ द्या..."

मग मी बसलो. का बसलो, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. वर्षभरात माझ्यासमोर बसून कोणी जेवलं नव्हतं, एवढंच. घास उतरत होता. मी बोलायला लागलो. कांताबद्दल बोललो, तिच्या शेवटच्या दिवसांत ती काय खायची, काय टाकायची. मैत्रीबद्दल बोललो. बाहेर अंधारून येत होतं. पलीकडचं चावणं मधूनमधून थांबायचं, ऐकत असल्यासारखं, आणि पुन्हा सुरू व्हायचं.

एक मालगाडी आली. दिव्यांच्या काचा थरथरल्या, काउंटरवरच्या बाटल्या किणकिणल्या, किती तरी वेळ डबेच जात राहिले. ती गेली तेव्हा लोरेनची गाडी अंगणात लागली होती.

लोरेन बहिणीला घेऊन आत आल्या, माझ्या टेबलाकडे आणि त्या ओढलेल्या खुर्चीकडे बघितलं. "कोणी आलं होतं का?"

"नाही," मी म्हणालो.

"काही जळतंय का हो? डांबरासारखा वास येतोय."

"तारा ठीक आहेत," मी म्हटलं, आणि ते खरंच होतं. अन्न टाकायची सवय नाही, म्हणून झाकणावरच्या पोळ्या उचलून तोंडात घातल्या. त्यांना चव नव्हती. कमी नव्हे, अजिबात नाही. ओला कागद चघळल्यासारखं वाटलं. लोरेन माझा कोट आणायला वळल्या, आणि मी त्या खुर्चीकडे बघून पुटपुटलो, "बरंय. कधी तिकडे आलात तर घरी या." असं आपण कोणालाही म्हणतो. ट्रेनमध्ये भेटलेल्यालाही म्हणतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी वरण-भात लावला. पहिल्या घासाला मिठाचा डबा घेतला. मग तिखट घेतलं. मग लिंबू पिळलं. काहीच लागेना. टेबलाकडे वळून बघितलं, तर कांताची खुर्ची मागे, जरा तिरकी ओढलेली होती. त्या घरात एकट्या कांतालाच खुर्ची अशी तिरकी ओढायची सवय होती, म्हणून क्षणभर वाटलं, तीच आलीये. पण तो वास कांताचा नव्हता.

पहिल्या दिवशी भ्यालो. दुसऱ्या दिवशी ताट वाढलं. तिसऱ्या दिवसापासून मी ओट्याशी उभं राहणं सोडलं. ऑफिसातून लवकर घरी यायला लागलो. कोणीतरी वाट बघतंय, या भावनेने माणूस किती पटकन कामं उरकतो. त्याच्या ताटातलं काही कमी व्हायचं नाही, पण घरातल्या कुठल्याच अन्नात जीव उरला नाही. पोटभर खाऊन उठलो तरी भूक तशीच. पट्टा आत आत जायला लागला. अतुल म्हणाला, "सर, डाएट करताय का? चेहरा उतरलाय." मी हसलो.

हे थांबवायला हवं, हे मला कळत होतं. चार-पाच वेळा मी तोंड उघडलं. आता पुरे, उठा, एवढंच म्हणायचं होतं. आणि दर वेळी मला आजोबांचं ते पान दिसायचं, वाफाळता भात, आणि वर कोणाचा तरी हात. ज्याला आयुष्यात एकदाच टेबलाशी बसायला मिळालं, तेही मेल्यावर, त्याला मी, आमच्या घरातल्या माणसाने, उठ म्हणायचं? नाही जमलं मला.

कांताच्या वर्षश्राद्धाला, म्हणजे आमच्याकडच्या पुण्यानुमोदनाला, मैत्री आली. मोठा कार्यक्रम नको, दोघंच करू, असं ठरलं होतं. रविवारची दुपार होती. फोटोपुढे मेणबत्ती लावली, त्रिसरण, पंचशील म्हटलं. मैत्रीचा आवाज अगदी आईसारखा लागतो. मी कांताच्या आवडीचा पाटोडीचा रस्सा केला होता, नागपुरी, डोळ्यांतून पाणी काढणारा. मैत्रीने एक घास घेतला आणि हात थांबवला.

"बाबा, यात मीठ... यात काहीच नाहीये."

"विसरलो असेन."

मग तिचं लक्ष तिसऱ्या ताटाकडे गेलं. सवयीने मी ते वाढून ठेवलं होतं, वाटी, भात, वर तूप. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग ओढलेल्या खुर्चीकडे. तिचे डोळे भरले.

"तुम्ही आईचं ताट वाढता? रोज?"

मी काय सांगणार होतो? वर्षानंतर माझी मुलगी उठून माझ्याजवळ आली होती, माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडत होती. समोर तो हळूहळू चावत होता, आणि तिला ते ऐकू येत नव्हतं. मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिलो. ती पुन्हा बसली, आणि तो बेचव रस्सा तिने सगळा संपवला. माझ्यासमोर बसून जेवली ती. मला इतका आनंद झाला की बाकी सगळं मी विसरलो.

निघताना तिने कोट चढवला, बूट घातले, आणि दारातून परत आत आली. त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "आई, माझ्याकडे पण ये ना जेवायला. आय ईट अलोन टू, यू नो."

"मैत्री..." मी म्हटलं.

"काय बाबा?"

चावण्याचा आवाज थांबला होता.

"काही नाही. हळू जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोडणीच्या मिरचीने मला ठसका लागला. उपमा नुसता चवदार लागत होता, हिंग, कढीपत्ता, मीठ, सगळं जागच्या जागी. मी अधाशासारखा खात सुटलो. बशी अर्धी झाली तेव्हा कांताच्या खुर्चीकडे बघितलं. ती टेबलाखाली नीट सरकवलेली होती. घास माझ्या तोंडातच राहिला.

मैत्रीने दिवसभर फोन उचलला नाही. 'इन मीटिंग्ज, ऑल गुड' असा मेसेज तेवढा आला. संध्याकाळी उचलला, आणि कुजबुजत बोलली.

"बाबा, आई आलीये."

"मैत्री, ऐक. ती तुझी आई नाही."

मग ती म्हणाली, "मग कोण आहे?"

मी सांगितलं. हॉटेल, खिडकी, डबा, जे आत्ता तुम्हाला सांगितलं तेच.

"ओके," ती शेवटी म्हणाली. "कोणी का असेना. समोर बसून कोणीतरी जेवतंय ना, बाबा. तुम्हाला काय माहीत इथे संध्याकाळी कसं असतं."

मला माहीत होतं. माझ्याइतकं कोणालाच माहीत नसेल. पण फोन बंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेलोच नाही असं म्हणायला हवं होतं, पण गेलो. एक रिपोर्ट द्यायचा होता, वादळामुळे गाड्या उशिरा होत्या, कारणं शंभर. आठवडा असाच गेला. ती फोन उचलायची, मजेत बोलायची, भाजीला काय करू विचारायची. मला ते ऐकून बरंही वाटायचं, हे वाईट. मग एका संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, तांदूळ किती धुवू? वीसेक माणसांना?" आणि मी तसाच स्टेशनवर गेलो.

शिकागोत उतरलो तेव्हा अंधार झाला होता, वारा कापत होता. तिच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. जिना चढायला लागलो. जिन्यात माणसं उभी होती, भिंतीला टेकून, कॉलर वर केलेली, एकेका पायरीवर एकेक. लिफ्ट दुरुस्त करणारे असतील, किंवा थंडीने आत आलेले. मला वाट द्यायला ती अंग चोरत होती. एकाने काही विचारायचं असल्यासारखी मान वर केली, पण मी घाईत होतो, सॉरी म्हणून पुढे गेलो.

मैत्रीने दार उघडलं. आठवड्यात तिच्या गालांची हाडं वर आली होती. पण चेहरा प्रसन्न होता, पदर खोचल्यासारखा टी-शर्टवर नॅपकिन खोचलेला. गॅसच्या चारही शेगड्यांवर भांडी होती. टेबलावर ताटं मांडलेली, आणि घर डांबराच्या वासाने भरलेलं.

मी दमलो होतो. एक खुर्ची ओढायला हात घातला.

"ती नको बाबा," ती हलकेच म्हणाली.

मी दुसरीला हात लावला.

"ती पण नको."

मग मला ऐकू यायला लागलं. एकाचं नव्हे. सगळ्या टेबलाभोवतीचं...

"किती जण आहेत, मैत्री?"

"मोजले नाहीत." ती भात ढवळत होती. "एकाला आत घ्यायचं आणि बाकीच्यांना थंडीत उभं ठेवायचं, असं कसं करणार? हाऊ कुड आय?"

मी तिचा हात धरला. मनगट माझ्या दोन बोटांत मावलं. "चल माझ्याबरोबर. आत्ताच्या आत्ता. कोट घे."

"येते ना," ती म्हणाली, आणि हात सोडवून घेऊन एक ताट वाढायला लागली. "पण आधी यांचं होऊ दे. मग जिन्यातल्यांचं. तुम्ही वर येताना त्यांना सांगितलंत ना, अजून थोडा वेळ लागेल म्हणून?"